हेल लेट लूज: पायदळ आणि रणगाडा यांचा मेळ कसा घालावा

'हेल लेट लूज' हा दुसऱ्या महायुद्धावर बेतलेला शूटर गेम २७ जुलै २०२१ रोजी संगणकासाठी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात नव्याने उतरणाऱ्या बहुतेकांच्या हातून एक चूक हमखास होते. आपल्या बाजूचा रणगाडा जाताना दिसला की नवखा खेळाडू धावत जाऊन त्याच्या मागच्या बाजूला चिकटतो, कारण लोखंडाचा एवढा मोठा आडोसा मिळाल्यावर आपल्याला कोण काय करणार, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात शत्रूचा बझूकावाला (बझूका म्हणजे खांद्यावरून डागायचे रणगाडाविरोधी रॉकेट), त्याची तोफ आणि त्याचा रणगाडा हे सगळे त्याच आडोशावर नेम धरून बसलेले असतात. शिवाय ड्रायव्हरला मागचे काहीच दिसत नसते आणि त्याने अचानक रिव्हर्स घेतला की आपलाच माणूस पट्ट्यांखाली सापडतो. या गेममध्ये आपल्या बाजूच्या गोळीने, गोळ्याने आणि गाडीनेही आपला खेळाडू मरतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनावर ठसवून घ्यावी.

रणगाड्याच्या जवळ राहणे सोपे असते. त्याला जे दिसत नाही ते वेळेवर आणि नेमक्या शब्दांत सांगणे अवघड असते, आणि पायदळ व रणगाडा यांचा मेळ त्यावरच अवलंबून असतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये बंदुकीपेक्षा माइकविषयी अधिक लिहिले आहे.

पहिली पायरी: माणसे आणि वेळ मोजणे

प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ५० खेळाडू असतात. पायदळाच्या स्क्वाडमध्ये, म्हणजे तुकडीत, सहा, रणगाड्याच्या स्क्वाडमध्ये तीन आणि टेहळणीच्या स्क्वाडमध्ये दोन जण असतात. सर्वांच्या वर एक कमांडर असतो. रणगाड्यातल्या तिघांची कामे ठरलेली आहेत. एक गाडी चालवतो, दुसरा, म्हणजे गनर, तोफ चालवतो आणि तिसरा, म्हणजे टँक कमांडर, बाहेर पाहून दोघांना सूचना देतो व बाकीच्या स्क्वाडप्रमुखांशी बोलतो. म्हणजे मैदानात आपले तीन रणगाडे असतील तर पन्नासांतले नऊ जण त्यांत बंदिस्त असतात, आणि त्यांच्या वाट्याची पायी लढाई उरलेल्या एकेचाळीस जणांना करावी लागते.

याहून महत्त्वाचा हिशेब वेळेचा आहे. पायदळातला सैनिक मेला की थोड्याच वेळात आउटपोस्टवर (आपल्या स्क्वाडच्या ठाण्यावर) किंवा गॅरिसनवर (सगळ्या बाजूच्या सामाईक ठाण्यावर) पुन्हा उभा राहतो. रणगाडा गेला तर नवा रणगाडा मागच्या मुख्यालयातच मिळतो, त्यासाठी कमांडरच्या साठ्यातले इंधन खर्ची पडते, आणि तो तिथून आघाडीपर्यंत चालवत आणावा लागतो. टायगर किंवा पँथरसारखा जड रणगाडा असेल तर इंधनाचा खर्च आणखी मोठा असतो. वळणापलीकडे काय आहे हे पाहायला कोणी जायचे, असा प्रश्न पडला की हा हिशेब आठवावा. तिथे सैनिकानेच जायचे असते, आणि यात कोणाच्या मोठेपणाचा प्रश्न नसतो.

नव्या खेळाडूने सुरुवातीचे बरेच दिवस पायदळातच काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने बझूका घेऊन कुंपणाआड रणगाड्याची वाट पाहिलेली नाही, त्याला रणगाड्यात बसल्यावर कोणत्या कुंपणाची भीती बाळगावी हे कळत नाही. आणि ज्याच्याकडे माइक नाही, त्याने रणगाड्याची जागा अडवू नये. तिघांपैकी एक जरी मुका असला तरी तो रणगाडा अर्धा निकामी असतो.

दुसरी पायरी: कोण कोणाशी बोलू शकतो, हे पक्के करणे

गेममध्ये बोलण्याच्या तीन वाहिन्या आहेत. एक स्क्वाडप्रमुखांची, दुसरी स्वतःच्या स्क्वाडची आणि तिसरी आसपासच्या सर्वांना ऐकू जाणारी. साध्या सैनिकाला पहिल्या वाहिनीवर बोलता येत नाही. त्याला शत्रूचा रणगाडा दिसला तर तो आपल्या ऑफिसरला, म्हणजे स्क्वाडप्रमुखाला, सांगतो, ऑफिसर टँक कमांडरला सांगतो आणि टँक कमांडर गनरला सांगतो. निरोप तीन तोंडांतून जाईपर्यंत रणगाडा दुसऱ्या गल्लीत वळलेला असतो. म्हणूनच आपला रणगाडा जवळ असेल तेव्हा त्याच्या शेजारच्या झाडाआड उभे राहून तिसऱ्या वाहिनीवर थेट बोलावे.

ही अडचण गेमने निर्माण केलेली नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत अमेरिकी पायदळाचे आणि रणगाड्यांचे रेडिओ वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर चालत असल्यामुळे दहा पावलांवरच्या रणगाड्याशीही सैनिकाला बोलता येत नसे. तेव्हा शर्मन रणगाड्यांच्या मागच्या बाजूस पेटी बसवून तीत टेलिफोन ठेवण्यात आला. सैनिक मागून जाऊन तो उचलायचा आणि आतल्या माणसांना लक्ष्य सांगायचा. त्या काळी फोनसाठी रणगाड्याच्या मागे जावेच लागे. आपल्याला ते करावे लागत नाही, याबद्दल समाधान मानावे.

सामना सुरू होताच ऑफिसरने प्रमुखांच्या वाहिनीवर दोनच वाक्ये बोलावीत: आपला स्क्वाड कोणता, आणि आपण कोणत्या रणगाड्याबरोबर कोणत्या बाजूने जाणार. तीन रणगाडे आणि सहा स्क्वाड असताना "टँक, इकडे या" असे ओरडले तर एकही टँक येत नाही, किंवा तिन्ही येतात. एका स्क्वाडने एकाच रणगाड्याशी जोडून घ्यावे आणि सामना संपेपर्यंत शक्यतो ती जोडी मोडू नये.

तिसरी पायरी: रणगाड्याला दिसेल अशा भाषेत बोलणे

अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचा मुद्दा लवकर पटेल. एखाद्या जुन्या रणगाड्यासमोर उभे राहून ड्रायव्हरची बाहेर पाहण्याची फट किती अरुंद आहे ते पाहावे, आणि त्या फटीतून आपले गाव ओळखता येईल का, याचा विचार करावा. गेममधल्या ड्रायव्हरचेही तसेच आहे. गनरला दुर्बिणीतून दूरचे स्वच्छ दिसते, पण ते एका लहानशा वर्तुळापुरतेच असते. त्या वर्तुळाबाहेर, अगदी दहा मीटरवर कोणी उभा असला तरी त्याचा पत्ता नसतो.

अशा माणसाला "डावीकडे, डावीकडे!" असे सांगून काही साधत नाही. डावीकडे म्हणजे कोणाच्या? सांगणाऱ्याच्या, रणगाड्याच्या पुढच्या तोंडाच्या, की तोफ वळलेली आहे तिच्या? माझ्या पहिल्याच महिन्यात मी "उजवीकडे" म्हणालो, गनरने तोफेच्या उजवीकडे पाहिले, मी मात्र माझ्या उजवीकडचे बोलत होतो, आणि बझूकावाल्याला दुसरा गोळा भरायला पुरेसा वेळ मिळाला. तेव्हापासून मी डावे-उजवे हे शब्द रणगाड्याशी बोलताना वापरतच नाही.

त्याऐवजी पडद्यावरच्या होकायंत्राचे अंश सांगावेत. निरोपाचा क्रम ठरवून घ्यावा: कोणाला बोलतो आहोत, दिशा किती अंश, अंतर किती मीटर, ओळखीची खूण कोणती, तिथे काय आहे, आणि आपल्याला काय हवे आहे. उदाहरणार्थ, "टँक दोन, एकशे वीस अंश, दीडशे मीटर, लाल छपराच्या घराचा वरचा मजला, मशीनगन आहे, एचई मारा." (एचई म्हणजे फुटून मारा करणारा स्फोटक गोळा.) दिशा आधी सांगितल्यामुळे बाकीचे वाक्य पूर्ण होईपर्यंत तोफ वळू लागलेली असते, "मशीनगन आहे" हे आधी सांगितले तर तेवढा वेळ वाया जातो. एकच पथ्य पाळावे: आपण रणगाड्यापासून बरेच बाजूला असू तर आपले अंश आणि त्याचे अंश जुळत नाहीत. तेव्हा रणगाड्याच्या जागेवरून दिशा किती होईल याचा अंदाज करावा, नाहीतर नकाशावर खूण करावी.

नकाशावर शत्रूची खूण करण्याची सोय ऑफिसरकडे असते आणि ती टँक कमांडरला दिसते. नकाशा दहा बाय दहा चौकोनांचा आहे, प्रत्येक चौकोन २०० मीटरचा आहे आणि त्याचे आत नऊ भाग पाडलेले आहेत, ते कीपॅडवरच्या एक ते नऊ आकड्यांनी ओळखतात. "ई पाच, कीपॅड तीन" असे सांगितले की सुमारे ६५ मीटरच्या चौकोनात शत्रू आहे हे ऐकणाऱ्याला कळते. खूण केल्यावर ती किती जुनी आहे हेही तोंडाने सांगावे. चालता रणगाडा तीन मिनिटांपूर्वीच्या खुणेवर सापडत नाही, आणि तशा खुणांवर विश्वास ठेवून पुढे गेलेले रणगाडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

चौथी पायरी: जमीन पाहून अंतर ठरवणे

पायदळ पुढे की रणगाडा पुढे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. फॉय किंवा कुर्स्क यांसारख्या उघड्या नकाशांवर रणगाडा मागच्या उंचवट्यावर उभा राहून दूरवर मारा करू शकतो. तिथे पायदळाने त्याच्यापासून बरेच पुढे आणि बाजूला पसरून जावे, म्हणजे त्याच्या तोफेच्या रेषेत कोणी येत नाही. कॅरेंटानच्या गल्ल्यांत हे चालत नाही. तिथे पायदळाने दोन्ही बाजूंची घरे आधी तपासावीत, रणगाड्याने गल्लीच्या तोंडाशी थांबावे आणि "पुढची दोन घरे मोकळी आहेत" असा निरोप आल्यावर तेवढेच अंतर पुढे यावे. हे कंटाळवाणे वाटते, आणि नेमक्या त्या कंटाळ्यामुळेच शहरात रणगाडे गमावले जातात. हुर्टगेनच्या जंगलात झाडांमुळे रणगाड्याला वाटा थोड्याच असतात आणि त्या शत्रूलाही ठाऊक असतात. तिथे सैनिकांनी वाटेवरून चालू नये. वाटेच्या दोन्ही अंगांना झाडांतून, रणगाड्याच्या थोडे पुढे चालावे.

नॉर्मंडीच्या नकाशांवर शेतांभोवती मातीचे उंच बांध असतात. आपल्याकडच्या बांधावर पुरुषभर उंचीची दाट झाडोऱ्याची भिंत वाढली आहे अशी कल्पना केली की चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्येक शेत म्हणजे एक बंद खोली, आणि तिची दारे एक किंवा दोन. रणगाडा त्या दारातून आत शिरताना त्याची तोफ एका बाजूला वळलेली असते, म्हणजे दुसरी बाजू उघडी पडते. म्हणून आधी दोन सैनिकांनी बांधाच्या दोन्ही कडांनी आत जाऊन कोपरे पाहावेत. सगळ्या स्क्वाडने एकाच दारातून घुसणे ही पुन्हा शत्रूच्या मशीनगनची सोय असते.

अंतराचा माझा स्वतःचा अंदाज सांगतो, तो नियम समजू नये: दाट जागी रणगाड्यापासून वीस ते तीस मीटर, उघड्यावर पन्नास मीटर किंवा अधिक. ठीक मागे कधीही नाही आणि तोफेच्या तोंडासमोर तर नाहीच. फक्त एक जण अपवाद असावा. त्याने सबमशीनगन घेऊन रणगाड्याच्या मागच्या बाजूवर नजर ठेवावी, पण तीही एखाद्या भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाने, काही पावले राखून.

पाचवी पायरी: बझूकावाल्याच्या डोक्याने विचार करणे

रणगाड्याची पुढची बाजू सर्वांत जाड आणि मागची, जिथे इंजिन असते, ती सर्वांत नाजूक असते. समोरून टायगरवर मारलेला बझूकाचा गोळा बहुधा वाया जातो, पण तोच मागून लागला तर लढाईचा निकाल बदलतो. त्यामुळे शत्रूचा रणगाडाविरोधी सैनिक समोर थांबत नाही. तो रणगाडा पुढे जाऊ देतो, त्याच्या आवाजावर कान ठेवून लपून राहतो आणि मागून उठतो. एका स्क्वाडमध्ये रणगाडाविरोधी सैनिक एकच असतो, तेव्हा शत्रूने एकदा बझूका डागला आणि तो चुकला तर तो माणूस शोधून मारणे हे आजूबाजूच्या पायदळाचे त्या क्षणाचे एकमेव काम असते. धुराची रेघ जिथून आली ती दिशा लगेच सांगावी, आणि रणगाड्याने तिकडे तोफ वळवेपर्यंत वाट न पाहता सैनिकांनी स्वतः धावून जावे.

बझूकाखेरीज आणखी दोन धोके आहेत. इंजिनीअर रस्त्यावर सुरुंग पेरतो; गवतात आणि चिखलात ते रणगाड्यातून दिसत नाहीत, पण पायी चालणाऱ्याला लक्ष दिल्यास दिसतात. दुसरा धोका सॅचेल चार्जचा, म्हणजे स्फोटकांच्या पिशवीचा. ती लावायला शत्रूला रणगाड्याला हात लावण्याइतके जवळ यावे लागते, आणि मागे राखणीला ठेवलेला एक जण इथे कामी येतो. पिशवी लागल्याचे दिसले तर "सॅचेल, निघा!" एवढेच ओरडावे, वर्णन करत बसू नये.

रणगाड्याच्या इंजिनाचा आवाज दूरवर जातो आणि आतल्या माणसांना बाहेरची पावले ऐकू देत नाही. थांबलेल्या रणगाड्याने अधूनमधून इंजिन बंद करून कानोसा घ्यावा. त्या शांततेत आपल्या सैनिकांनीही धावपळ थांबवावी, नाहीतर कोणाची पावले कोणाची हे कळत नाही.

सहावी पायरी: एक हल्ला पहिल्यापासून शेवटपर्यंत

फॉयचा नकाशा घेऊ. बॅस्टोनजवळचे हे बेल्जियन गाव अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनने १३ जानेवारी १९४५ रोजी घेतले, आणि गेममध्येही बर्फाळ मोकळे माळ ओलांडूनच पुढे जावे लागते. समजा, आपल्याला शेतापलीकडच्या घरांतून शत्रूला हाकलायचे आहे.

सर्वप्रथम गॅरिसन उभारावे. त्यासाठी ५० सप्लाय, म्हणजे बांधकामाचे सामान, लागते. सपोर्टच्या, म्हणजे सामान वाहणाऱ्या, सैनिकाने त्याची पेटी टाकायची आणि ऑफिसरने गॅरिसन बांधायचे. हे झाल्याशिवाय रणगाड्याला पुढे बोलावू नये, कारण पहिली फळी मेल्यावर मागून माणसे आली नाहीत तर तो माळावर एकटा उरतो. बहुतेक फसलेले हल्ले गोळीबारात फसत नाहीत, ते या पायरीवर फसतात. गॅरिसन झाल्यावर रणगाडा एखाद्या चढाआड असा उभा करावा की तोफ वर आणि अंग खाली राहील. मग गनरने संशयित खिडक्यांवर एचई गोळे मारावेत, आणि त्या काळात पायदळाने झाडांच्या किंवा खोलगट भागाच्या आधाराने बाजूने सरकत जावे. ज्याच्याकडे स्मोक ग्रेनेड असेल त्याने तो स्वतःसमोर न टाकता शत्रूच्या दृष्टीसमोर टाकावा. मात्र धुराने आपल्याच गनरचे डोळे झाकले जाणार नाहीत, हे त्याला आधी विचारून घ्यावे.

यापुढचा क्षण सर्वांत नाजूक असतो. पायदळ घरांपाशी पोहोचते तेव्हा रणगाड्याचे गोळे थांबायला हवेत, पण फार आधी थांबले तर शत्रू पुन्हा खिडकीशी येतो. ऑफिसरने "वीस सेकंदांत आत शिरतो" असे सांगावे, गनरने शेवटचे दोन गोळे मारावेत, आणि ऑफिसरने "आत आहोत, गोळे बंद" असे म्हटल्यावर टँक कमांडरने ते वाक्य परत म्हणून दाखवावे. परत म्हणण्याची ही सवय फार औपचारिक वाटते, पण ती नसल्यामुळे मी एकदा आपल्याच गोळ्याने स्क्वाडमधल्या चौघांसह मेलो आहे. त्यानंतर रणगाड्याने गावात शिरायची घाई करू नये. त्याने तोफ गावाच्या मागच्या वाटेकडे वळवावी, कारण शत्रूची नवी कुमक तिथूनच येणार असते.

बचाव करताना हाच क्रम उलटा होतो आणि त्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही: पायदळाचे दोन जण बरेच पुढे टेहळणीला ठेवावेत, रणगाडा मागे लपवावा, आणि शत्रूचा रणगाडा कुशी दाखवेपर्यंत त्याला गप्प बसवावे.

सातवी पायरी: रणगाडा जखमी झाल्यावर

पट्टा तुटला किंवा इंजिन बिघडले की टँक कमांडरने ते लपवू नये, लगेच सांगावे. रणगाडा हलत असेल तर त्याने तोंड शत्रूकडेच ठेवून रिव्हर्सने मागे यावे, आणि पायदळाने मागची वाट मोकळी करून "मागे मोकळे आहे, थोडे पश्चिमेला वळवा" असे सांगत राहावे. इथे पायदळच ड्रायव्हरचे डोळे असते. हलतच नसेल तर आधी धूर, मग चारही बाजूंना सैनिकांची राखण, आणि मग दुरुस्तीसाठी एकाने ब्लोटॉर्च घेऊन बाहेर उतरावे. तो उतरला आहे हे आजूबाजूच्या सैनिकांना माहीत नसेल, तर धुरातून दिसलेल्या आकृतीवर कोणीतरी गोळी झाडतोच.

रणगाडा जळालाच, तर पायदळाने तिथेच चिकटून राहू नये, कारण त्या जागेवर शत्रूचे सगळे लक्ष असते. टँक कमांडरने नवा रणगाडा कोणत्या मुख्यालयातून, कोणत्या रस्त्याने आणि साधारण किती मिनिटांत येणार ते सांगावे. ऑफिसरने तेवढ्या वेळात आउटपोस्ट त्या रस्त्याच्या बाजूला हलवावे आणि दोन जणांना रस्ता तपासायला पाठवावे, म्हणजे रणगाडा येईल तेव्हा त्याच्या वाटेतले सुरुंग आणि बांधाआडचा बझूकावाला आधीच सापडलेले असतील.